धास्ती आणि तगमग

भाची : मला गोळी सोडायचीय, मामा. बाबा गेल्यानंतर माझी झोप उडाली होती. रात्री दोनला दचकून जाग यायची, छातीत धस्स व्हायचं, आता आईलाही काहीतरी होणार असं वाटत राहायचं. उठून शेजारच्या खोलीत जायचे आणि ती श्वास घेतेय ना ते बघून यायचे. त्यासाठी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी १० मिलिग्रॅमची एस्सिटालोप्राम दिली. चौथ्या दिवशी जे सुरू झालं ते मात्र मला आधी कधीच झालेलं नव्हतं. पाय एका जागी ठरेनात. अन्नपूर्णेच्या देवळात संध्याकाळच्या आरतीला उभी होते, ती अर्ध्यातून बाहेर पडले. हत्तींच्या दरवाज्यापासून दशहरा मैदानापर्यंत आणि परत, असे तीन फेरे घातले. अनवाणी. चपला देवळातच राहिल्या. भीती कशाची होती म्हणाल, तर कशाचीच नाही. थांबता येत नव्हतं, एवढंच. बरं व्हायला गोळी घेतली आणि गोळीने नवंच दुखणं दिलं. मग तिला औषध का म्हणायचं?

मामा : औषधच म्हणायचं, कारण तुला झालं ते औषधाच्या पोथीत आधीपासून लिहिलेलं आहे. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांनी इमिप्रामीन हे औदासीन्यावर चालतं असं जगाला सांगितलं. त्या जुन्या गोळीनेही घाबरणाऱ्या माणसाला सुरुवातीला अशी चलबिचल व्हायची. पुढे फ्लुओक्सेटीन आली, सरट्रालीन आली, तुझी ही आली. पहिल्या आठवड्यांचा हा त्रास काही गेला नाही. गोळी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाची उचल पहिल्याच दिवशी रोखते. पण मेंदूला त्या नव्या पातळीशी जुळवून घ्यायला दोन ते चार आठवडे लागतात. मधल्या दिवसांत घरात सामान हलवल्यासारखी अवस्था असते. म्हणून ज्याला घाबरण्याचे झटके येतात त्याला पहिला आठवडा ५ मिलिग्रॅमवर ठेवा, असं सांगितलेलं असतं. तुला एकदम १० वर चढवलं. दोष असेल तर त्या पहिल्या पायरीच्या उंचीचा. आणि एक ऐक. इंदूरच्या दवा बाजारात मी पस्तीस वर्षं काढली. गोळी घेऊन बिघडलेले मी पाहिले, तसे गोळी न घेऊन गेलेलेही पाहिले, दुसरे जास्त. आमच्या आईच्या पिढीला बाणगंगा म्हटलं की ते एकच वेड्यांचं इस्पितळ आठवायचं, आणि त्या नावाच्या भीतीने लोक आजारी माणसं घरात कोंडून ठेवायचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपला मध्य प्रदेशही होता. त्यात काय निघालं? वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना. तू उद्या लोकमान्य नगरात चार बायकांत म्हणालीस की गोळीने माझं वाटोळं केलं, तर त्यांतली जिला खरोखर गरज आहे ती दाराच्या आतच बसेल.

भाची : ती आत बसू नये म्हणून मी माझं तोंड बंद ठेवायचं? हे मला पटत नाही. तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते दोन मिनिटांत सांगून झालं. तेवढं पहिल्या दिवशी मला सांगितलं असतं, की पाय असे होतील, झाले तर लगेच या, तर मी ते फेरे वेडी झाले अशा समजुतीत घातले नसते. कायदा तरी दुसरं काय म्हणतो? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या बाविसाव्या कलमात लिहिलंय की उपचार कोणता आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला कळलं पाहिजे. मला कळलं ते असं : दोन आठवड्यांनी परत गेले, म्हटलं जास्त होतंय. त्यांनी पर्चीवर काहीतरी नवं लिहिलं. मेडिकलवाला म्हणाला, वही है दीदी, बस कंपनी अलग है. दोन दिवसांत शांत वाटलं. मला वाटलं, गोळी शेवटी लागू पडली. आता आठ महिने झाले. झोप आहे, पण सकाळी डोकं ओल्या पोत्यासारखं. वर्गात मुलांची नावं आठवत नाहीत. बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळे रडले, मी पानं मोजत होते. आणि ते पायांचं संध्याकाळी अजून येतंच. तक्रार केली की उत्तर तयार असतं. बरं वाटलं, तर गोळीने. वाईट वाटलं, तर आजार वाढला, गोळी वाढवा. सोडल्यावर वाईट वाटलं, तर बघा, तुम्हाला गोळीची गरजच आहे. चित भी मेरी, पट भी मेरी.

मामा : हे चांगलं पकडलंस. पण हाच डाव तूही खेळतेयस. नावं आठवत नाहीत, गोळीमुळे. रडू आलं नाही, गोळीमुळे. बाप गेल्यावर वर्षभरात माणसाचं डोकं जागेवर नसतं, त्याला गोळी लागत नाही. त्यांच्या गोष्टीत सगळा दोष आजाराचा, तुझ्या गोष्टीत सगळा गोळीचा. दोन्ही गोष्टी चोहीकडून बंद. त्यांत शिरून खरंखोटं करायला फट नाही. फट असते ती तारखांना. काय कधी सुरू झालं, कशानंतर, किती दिवसांनी गेलं. बघू तो गोळ्यांचा पत्ता. चष्मा दे. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. हे वाच.

भाची : एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम. आणि क्लोनाझेपाम ०.५.

मामा : आणि! या 'आणि'कडे कुणी बघत नाही. तुझा मेडिकलवाला अर्धं खरं बोलला. ही एक गोळी नाही, दोन आहेत, एका आवरणात. दुसरी आहे ती झोपेच्या, गुंगीच्या गोळ्यांच्या जातीची. ती तासाभरात काम करते. तुला दोन दिवसांत शांत वाटलं ते तिच्यामुळे असणार.

भाची : म्हणजे डॉक्टरांना ठाऊक होतं.

मामा : काय?

भाची : हेच, की पहिल्या गोळीने तगमग होते. ठाऊक होतं म्हणूनच तर वर दुसरी घातली. मी म्हणत होते जास्त होतंय, तेव्हा माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, मामा. मला तसं सांगितलं मात्र नाही. मी आठ महिने समजतेय की माझा आजार एवढा दांडगा की दोन आठवडे गोळीलाही जुमानला नाही. खरं तर एक गोळी त्रास देत होती आणि दुसरी तो त्रास झाकत होती. तुम्ही मघाशी म्हणालात पायरी उंच होती. पायरी उंच आहे हे कळल्यावर पायरी कमी करतात. यांनी वर सतरंजी अंथरली.

मामा : अंथरली, मान्य. पण सतरंजी अंथरणं हे काही पाप नाही. पहिल्या दोन-चार आठवड्यांची चलबिचल निभवायला थोडे दिवस क्लोनाझेपाम देतात, ती रीतच आहे, आणि बऱ्याच जणांना तिनेच गोळी टिकवता येते. बिघडतं कुठे, तर थोडे दिवस संपले हे कुणी सांगत नाही. एकत्र गोळीत ती गंमतच आहे : दुसरी काढायची म्हटली तर पहिलीही हातातून जाते. आपल्याकडे हे जोड फार खपतात. एक गोळी, एक किंमत, रुग्ण खूश. मीही खोकेच्या खोके पाठवले आहेत. आता तुझ्या तारखा बघ. तिसऱ्या आठवड्यात तुला बरं वाटलं. तेव्हाच एस्सिटालोप्रामचे दोन आठवडे भरत होते, आणि तेव्हाच क्लोनाझेपाम सुरू झाली. बरं कुणामुळे वाटलं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी म्हणालो तिच्यामुळे असणार, पण पैज लावणार नाही. आणि तू सोडायचं म्हणतेस ते नक्की काय? सोडायला लागली तर नाहीस ना?

भाची : मागच्या सोमवारपासून अर्धी करतेय. सुरीने.

मामा : म्हणजे दोन्ही औषधं एकाच दिवशी निम्मी. आता तुला उद्या घाबरं झालं तर त्याचे चार मालक. जुनी धास्ती परत आली म्हणून, एस्सिटालोप्राम अजून त्रास देतेय म्हणून, ती कमी झाली म्हणून, किंवा क्लोनाझेपाम कमी झाली म्हणून. या चौथ्याची मला जास्त भीती. ती जात महिनोन् महिने घेऊन एकदम तोडली तर नुसती घबराट होत नाही, कुणाकुणाला फिटसुद्धा येते. सुरी खाली ठेव आधी.

भाची : तुटण्याचा अनुभव घेऊन झालाय. देवासला लग्नाला गेले होते, पत्ता घरी राहिला. तिसऱ्या दिवशी डोळे डावीकडून उजवीकडे नेले की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. बारीक झटका, झण्ण असा आवाज आतल्या आत. चालताना जमीन एक पाऊल मागे राहायची. आईने मीठ-मोहरी ओवाळली. घरी येऊन गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सगळं साफ. औदासीन्य एका दिवसात बरं होतं का, मामा? ते करंट माझ्या आजाराचे नव्हते, ते गोळी नसण्याचे होते. आणि मला सांगितलं गेलं होतं की याची सवय लागत नाही.

मामा : सवय आणि व्यसन यांत फरक आहे. तू उद्या एकाऐवजी तीन गोळ्या खाव्यात म्हणून तडफडत नाहीस, पर्चीत खाडाखोड करत नाहीस. शरीर मात्र सरावलं, हे खरं. ते करंट ओळखीचे आहेत; चक्कर, मळमळ, भलतीच स्वप्नंही त्यांच्या सोबतची. ती आजार उलटल्याची खूण नसते. आजार उलटायला साधारण आठवडे, महिने लागतात, हे दिवसांत येतं. गोळी शरीरातून किती वेगाने जाते त्यावर ते असतं : व्हेनलाफॅक्सीन काही तासांत निम्मी होते म्हणून फार छळते, फ्लुओक्सेटीन आठवडे रेंगाळते म्हणून अलगद सुटते. पण सगळ्यांना होतं असं म्हणू नकोस. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत जर्मन संशोधकांनी ७९ अभ्यास एकत्र तपासले, २१ हजारांवर माणसं. सोडल्यावर त्रास झाला शंभरातल्या ३१ जणांना. आणि औषध नसलेली, पिठाची गोळी सोडली त्यांच्यातही १७ जणांना झाला! म्हणजे गोळीच्या खात्यावर सहा-सात जणांत एक. फार तीव्र त्रास शंभरात तीन.

(लिहिणाऱ्याची एक भर : सवय आणि व्यसन यांतला मामांचा फरक बरोबर आहे. रात्री तीन वाजता तो कुणाच्या कामी येत नाही.)

भाची : शंभरात तीन म्हणजे कमी, हे शंभरातल्या सत्त्याण्णवांना. शिवाय त्या अभ्यासांतले बरेचसे लोक काही आठवडे, काही महिने गोळी घेतलेले. दहा दहा वर्षं घेणाऱ्यांचा हिशेब त्यांत किती? ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये आपलं म्हणणं बदललं, मान्य केलं की काहींना हा त्रास तीव्र आणि लांबलचक होतो. तोवर ज्यांना झाला त्यांना काय म्हटलं गेलं असेल? तुमचा आजार परत आलाय.

मामा : तेही झालंय. आणि खरोखर परत आलेलाही असतो, ती बाजू सोडू नकोस. इंग्लंडमध्ये ४७८ लोकांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली. सगळे नऊ महिन्यांहून जास्त गोळी घेणारे. निम्म्यांची चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू काढली, कुणाला कुठली ते माहीत नाही. वर्षात आजार उलटला तो चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के आणि काढलेल्यांत ५६ टक्के. सतरा टक्क्यांचा फरक थट्टेवारी न्यायचा नाही.

भाची : नाही नेत. पण तीच चाचणी म्हणते की काढलेल्यांतले ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले, आणि घेत असूनही ३९ टक्क्यांचा उलटला. तेही जाऊ द्या. त्या चाचणीत घेतलं कुणाला? गोळीवर बरं वाटत असलेल्यांना. बरं आहे, आता सोडू का, हा त्यांचा प्रश्न. माझा प्रश्न तो नाहीच. मी गोळीवर कधी बरी नव्हते. मला उलटण्याची भीती दाखवता, पण सुलटं काय होतं ते तर सांगा.

मामा : हे मात्र खरं. तुझ्यासारखी त्या दारातून आत गेलीच नसती. तुझ्याबद्दल तो आकडा बोलत नाही. पण त्यावरून 'सोड' असंही निघत नाही. वेगळी गोळी निघते, कमी मात्रा निघते, बोलण्याचा उपचार निघतो. आणि सोडायचीच तर कशी, ते निघतं. खंडवा रोडचा भेरूघाट उतरतेस ना? तसं आहे. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये हे आकड्यांत मांडलं. हॉरोविट्झ स्वतः मनोविकाराचे डॉक्टर आणि स्वतः या गोळ्या सोडताना पोळलेले. सिटालोप्राम, तुझ्या गोळीची थोरली बहीण, ती ६० मिलिग्रॅमला सेरोटोनिनची साधारण ८८ टक्के दारं अडवते. २० ला आणली तरी ८० टक्के. म्हणजे चाळीस मिलिग्रॅम कमी केले आणि मेंदूला जेमतेम कळलं. पण साडेतीनच्या आसपास ५० टक्के, दीडला ३०, आणि तिथून शून्य. खरा तीव्र उतार शेवटच्या चार मिलिग्रॅममध्ये. लोक वरच्या सपाटीवर दोन-दोन महिने काढतात आणि शेवटच्या वळणावर ब्रेक सोडतात : आता पाचच राहिली, बंद करून टाका. किंवा एक दिवसाआड घ्या. एक दिवसाआड म्हणजे दर दुसऱ्या दिवशी एक छोटं देवास! नेदरलँड्समध्ये रोज थोडी थोडी कमी होत जाणारी गोळ्यांची पट्टीच बनवून मिळते. आपल्याकडे ५, १० आणि २०. एक मिलिग्रॅम कुठून आणशील? सुरीने?

भाची : म्हणजे सुटायचा रस्ता आहे, पण त्यावरच्या शेवटच्या पायऱ्या कुणी बांधल्या नाहीत.

मामा : डॉक्टरांना विचारून द्रवरूप औषध मिळतं का ते बघता येतं, वजन करून पुड्या बांधणारा फार्मासिस्ट मिळाला तर तेही. पण त्याआधी जोडगोळी तोडून दोन्ही औषधं वेगळ्या पर्चीवर घेणं. मग एका वेळी एकच.

भाची : कुठली आधी? तगमग एस्सिटालोप्रामची असेल तर आधी ती. क्लोनाझेपाम तोवर आडोशाला.

मामा : आणि तो आडोसा आणखी सहा महिने राहिला की निघणार कसा? मी आधी क्लोनाझेपाम म्हणेन.

भाची : म्हणजे उघड्यावर तगमग सोसायची.

मामा : मी म्हणेन म्हटलं, ठरव म्हटलं नाही. हे डॉक्टरांसमोरच ठरवायचं. एक विचारतो, खरं सांग. त्या तगमगीत कधी जिवाचं काही करावंसं वाटलं?

भाची : मरावंसं नाही वाटलं. हे अंगातून निघून जावं, कसंही, असं मात्र एकदा वाटलं.

मामा : दोन्हींतलं अंतर फार नसतं गं. अमेरिकेत २००४ पासून मुलांसाठी आणि २००७ पासून चोवीस वर्षांपर्यंतच्यांसाठी या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत तसा इशारा छापतात. तू चाळिशीची, म्हणून मी निर्धास्त राहीन असं समजू नकोस. पुन्हा वाटलं तर रात्री कितीही वाजता मला उठव. मी फोन उचलला नाही तर १४४१६ लाव, टेलिमानसचा आहे. आणि डॉक्टरांना हे सांगितलंस?

भाची : सांगितलं ना. 'घबराहट' सांगितली. मामा, मला आता कळतंय कुठे चुकलं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला होती ती धास्ती. तिला विषय होता : आई. दुसऱ्यांदा गेले तेव्हा होती ती तगमग. तिला विषयच नव्हता, ती पायांत होती. मनात नव्हतीच म्हणा ना. घरात मी दोन्हींना कधी एक शब्द वापरला नसता. पण तिथे हिंदीत दोन्हींची घबराहट झाली. पर्चीवर त्याची इंग्रजी झाली, आणि डॉक्टरांच्या लेखी मी तीच तक्रार घेऊन दुसऱ्यांदा आले होते, जास्त जोरात. त्यांनी केलं ते तेवढ्यावरून बरोबरच होतं. मी पायांचं सांगितलंच नाही. मला वाटलं, पायांचं काय सांगायचं मनाच्या डॉक्टरला.

मामा : छान आहे, पण फार छान आहे. पुण्यात मराठी डॉक्टरसमोर तू तगमग म्हणाली असतीस तरी बाहेर तीस माणसं बसलेली असती तर हीच पर्ची निघाली असती. आपण इंदूरचे मराठी लोक, आपल्याला काही झालं की भाषेवर ढकलायला आवडतं. शब्दाला ऐकणारा लागतो.

भाची : ऐकणारा लागतो, पण आधी म्हणणारा लागतो. स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे ना, त्यावर मी दुधाचा हिशेब लिहिते. एक लिटर, दीड लिटर. आषाढ लागल्यापासून त्याच चौकटीत एक अक्षर घालतेय. धास्ती असेल तर 'धा', पायांचं असेल तर 'त'. दीड महिन्यात 'धा' सहा वेळा आहे. 'त' जवळजवळ रोज, आणि नेहमी संध्याकाळी.

मामा : आणि अर्धी केल्यापासून?

भाची : या आठ दिवसांत 'त' तीनदा. 'धा' चारदा.

मामा : म्हणजे एक उतरतंय आणि एक चढतंय.

भाची : तुम्ही म्हणाल क्लोनाझेपाम कमी झाली म्हणून धास्ती.

मामा : आणि तू म्हणशील तगमग उतरली, बघा, एस्सिटालोप्रामच. आठ दिवसांवर दोघांनीही म्हणू नये. पण हा कागद मात्र डॉक्टरांनी बघायला हवा. पान फाडून ने.

भाची : फाडायचं कसं? आईच्या संकष्ट्या आहेत त्याच्यावर.

मामा : मग फोटो काढ.

भाची : त्यांना वाचता यायचं नाही. 'धा' आणि 'त'.

मामा : तू वाचून दाखव. धास्तीला 'डर' म्हण, चालेल. तगमगला काय म्हणशील?

भाची : बेचैनी?

मामा : ती परीक्षेच्या निकालाचीही असते.

भाची : छटपटाहट.

मामा : तो मासा झाला. पाण्याबाहेरचा.

भाची : थोडंसं तसंच होतं, मामा. पण नाही... मासा एका जागी असतो.